शाळेच्या लॅबमधलं नेटवर्क समजून घ्यायचंय, अगदी पहिल्यापासून

चाफेकळी – सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मी वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आधीचे सर निवृत्त झाल्यामुळे जूनपासून कॉम्प्युटर लॅबची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. लॅबमध्ये १४ डेस्कटॉप आहेत, सगळे माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेले. भिंतीवर फायबरचा छोटा पांढरा डबा, शेजारी राउटर आणि खाली पुष्कळ केबली खोचलेला एक लांबट डबा. एवढं डोळ्यांना दिसतं, त्यापुढचं काही कळत नाही.

अडचण अशी आहे की रोज सकाळी लॅब उघडली की ५-६ मशीनवर नेट चालत नाही. आणि ती ५-६ मशीनं रोज वेगळी असतात. काल ३ नंबर चालू होतं, आज बंद. काल ९ नंबर बंद होतं, आज त्यावर नेट व्यवस्थित. केबल काढून घालते, मशीन बंद-चालू करते. कधी जमतं, कधी नाही. कनेक्शनवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. "आमची लाइन ओके आहे" म्हणाला. आठवीच्या मुलांना प्रात्यक्षिकाची तासिका आठवड्यातून एकदाच मिळते. त्यातली निम्मी अशी गेली की जीव तुटतो.

कुणाला तरी बोलावून दुरुस्त करून घेता येईल, पण मला हे स्वतःला समजून घ्यायचंय. मुलं विचारतात, "मॅडम, नेट येतं कुठून?" आणि मी गप्प बसते. पुस्तकात सात थरांचं मॉडेल आहे, टोपॉलॉजीच्या आकृत्या आहेत. ते सगळं वाचलं, पण भिंतीवरच्या डब्याबद्दल त्यातून काही उमगलं नाही. कोणी मुळापासून सांगाल का?


जोडतार – सोमवार, रात्री ११.०५

ताई, मी पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने, दवाखाने, शाळा यांची नेटवर्कं उभी करतो. १७ वर्षं झाली. दुरुस्त करून द्या म्हणणारे रोज भेटतात, समजावून सांगा म्हणणारे फार कमी. म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवू. नेटवर्क वेगळं आणि इंटरनेट वेगळं. तुमची १४ मशीनं एकमेकांशी जोडलेली आहेत, ते झालं नेटवर्क. उद्या रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी १ नंबरवरची फाइल १४ नंबरवर जाईल, प्रिंटरही चालेल. इंटरनेट म्हणजे अशी असंख्य नेटवर्कं एकमेकांना जोडून झालेलं जाळं. त्यामुळे "नेट बंद आहे" या वाक्याने काहीच कळत नाही. कुठपर्यंत चालू आहे आणि कुठून पुढे बंद आहे, हे शोधायचं असतं. आमच्या धंद्यातलं जवळजवळ सगळं शोधकाम या एका प्रश्नात येतं.

आता तुमच्या भिंतीकडे पाहू. केबली खोचलेला लांबट डबा म्हणजे स्विच. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक क्रमांक दिलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. आकडे आणि अक्षरं मिळून १२ खुणा, त्यातला पहिला अर्धा भाग कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा. कोणत्या भोकात कोणत्या मॅकचं मशीन आहे, हे स्विच येणाऱ्या डेटाकडे बघून आपोआप शिकतो आणि लक्षात ठेवतो. मग ३ नंबरने ७ नंबरला काही पाठवलं तर ते फक्त ७ नंबरच्या भोकातून बाहेर पडतं. पूर्वी हब नावाचा डबा असायचा. त्याला हे कळत नसे, आलेलं सगळं तो सगळ्यांकडे पाठवायचा. १४ मशीनं एकदम बोलायला लागली की नुसता गोंधळ.

राउटर म्हणजे लॅबचा उंबरठा. घरातलं घरात असेल तर ते स्विचमधूनच परस्पर जातं. बाहेर जायचं असेल तर राउटरकडे यावं लागतं. आणि पांढरा डबा काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो, आणि उलटही. त्यावर पॉन नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल तर प्रकाश पोचतोय. एलओएस नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाश येत नाही. तेव्हा लॅबमध्ये काहीही हलवू नका, सरळ कंपनीला फोन करा. तुमच्याकडे १४ पैकी ८-९ मशीनं रोज चालतात, म्हणजे फायबर, पांढरा डबा आणि राउटर ठीक आहेत. तो माणूस खरं बोलत होता. दुखणं अलीकडे आहे.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर सांगतो. आपण पाठवलेली कोणतीही गोष्ट अखंड जात नाही. तिचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे ३ एमबीच्या फोटोचे दोन हजारांवर तुकडे. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता. वाटेतल्या एकाही राउटरला पूर्ण रस्ता माहीत नसतो. अनोळखी गावात आपण वाट विचारत जातो तेव्हा पारावरचा माणूस म्हणतो, "त्या वडापासून डावीकडं वळा, पुढं कुणालाही विचारा." तसंच. प्रत्येक राउटर फक्त पुढचा टप्पा सांगतो. तुकडे पुढेमागे पोचले किंवा एखादा हरवला, तर पलीकडचं मशीन क्रम लावून घेतं आणि हरवलेला परत मागवतं. हे क्रम लावायचं आणि परत मागवायचं काम करणाऱ्या नियमांना टीसीपी म्हणतात, आणि पत्त्यांच्या नियमांना आयपी.

आता उद्याचं काम. प्रत्येक मशीनवर सर्चमध्ये सीएमडी टाइप करा, इंग्रजीत. काळी खिडकी उघडेल. तिथे आयपीकॉन्फिग लिहा, तेही इंग्रजीत आणि सलग, आणि एंटर दाबा. आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डीफॉल्ट गेटवे असे दोन आकडे दिसतील. १४ मशीनचे आकडे वहीत लिहा आणि समोर "चालू" की "बंद" ते लिहा. काहीही दुरुस्त करू नका. फक्त लिहून आणा.


नवशिका – मंगळवार, सकाळी ७.५०

मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. मधेच विचारतो, माफ करा. घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण फाइल उतरवताना १२ च्या वर आकडा जात नाही. कंपनी कमी स्पीड देतेय का?


आबा७२ – मंगळवार, सकाळी ८.३०

नाही रे बाळा, पूर्ण देतेय. एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट. फाइल मोजतात बाइटमध्ये आणि ८ बिटांचा एक बाइट. १०० ला ८ ने भाग, साडेबारा येतात.

मी टेलिफोन खात्यात जॉइंटर होतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबई आणि इतर मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते आम्ही जोडलेल्या तांब्याच्या तारांवरूनच लोकांच्या घरी गेलं. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले, तेव्हा फार वेगवान वाटायचे. वर सांगितलेला ३ एमबीचा फोटो त्यावरून उतरायला ७ मिनिटं लागली असती, आणि तेवढा वेळ घरातला फोन बंद. आज तुझ्या घरी तो एका सेकंदाच्या आत येतो.


चाफेकळी – मंगळवार, संध्याकाळी ६.१५

जोडतारदादा, इतकं नीट लिहिलंत, मनापासून आभार. शाळा सुटल्यावर दोन मुलींना मदतीला घेऊन वही भरली.

८ मशीनं चालू आहेत. त्यांचे आकडे १९२.१६८.१.१०३, १९२.१६८.१.१०७ असे. गेटवे सगळ्यांचा एकच, १९२.१६८.१.१.

५ मशीनं बंद आहेत. त्यांचे आकडे १९२.१६८.०.१०० पासून १९२.१६८.०.१०४ पर्यंत. गेटवे १९२.१६८.०.१. एका मुलीच्याच लक्षात आलं की तिसरा आकडा वेगळा आहे, चालू मशीनवर १ आणि बंद मशीनवर शून्य!

उरलं ११ नंबर. ते विचित्र आहे. आकडे चालू मशीनसारखेच, पण कोणतीही साइट उघडायला गेलं की "कनेक्शन खासगी नाही" असा इशारा येतो. आणि ६ नंबरवर नेट चालतं, पण शेजारच्या मशीनवरून व्हिडिओची फाइल कॉपी केली तर इतरांच्या कितीतरी पट वेळ लागतो.


जोडतार – मंगळवार, रात्री १०.२०

त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या. तिने दुखणं नेमकं पकडलंय. दोन वर्षांचा अनुभव असलेली पोरंही कधीकधी एवढं नीट बघत नाहीत.

तुमच्या लॅबमध्ये पत्ते वाटणारे दोघे जण आहेत.

मशीन चालू होतं तेव्हा त्याच्याकडे आयपी पत्ता नसतो. मॅक हे त्याचं जन्माचं नाव, पण आयपी हा राहण्याचा पत्ता. तो ज्या नेटवर्कमध्ये जाईल तिथला मिळतो. म्हणून मशीन चालू झाल्या झाल्या सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, "इथे पत्ते कोण देतं?" राउटर उत्तर देतो, "मी देतो, १०३ नंबर घे." मशीन म्हणतं, "चालेल, १०३ घेतो." राउटर म्हणतो, "तुझा झाला." या चार वाक्यांच्या देवाणघेवाणीला डीएचसीपी म्हणतात. पत्त्यासोबत राउटर आणखी दोन गोष्टी सांगतो: बाहेर जायचं असेल तर कोणत्या दारातून जायचं, म्हणजे गेटवे, आणि साइटच्या नावावरून तिचा आकडा कुणाला विचारायचा, म्हणजे डीएनएस.

हा पत्ता कायमचा नसतो, भाड्याचा असतो. राउटरमध्ये जी मुदत ठरवलेली असेल तेवढाच, काही राउटरमध्ये ती दोनच तास असते. रात्रभर मशीनं बंद, मुदत संपते आणि सकाळी सगळ्यांना पत्ता नव्याने मागावा लागतो. मशीनला दोन उत्तरं आली तर ते साधारणपणे आधी आलेलं धरतं. म्हणून रोज वेगळी मशीनं बंद पडतात! खऱ्या राउटरचं उत्तर आधी पोचलं तर नेट चालतं. दुसऱ्याचं आधी पोचलं तर मशीनला १९२.१६८.० चा पत्ता मिळतो आणि १९२.१६८.०.१ हे दार. त्या दारापलीकडे बहुधा भिंत आहे.

माझा अंदाज असा की शाळेत कुठेतरी दुसरा राउटर आहे, वायफायसाठी लावलेला, आणि त्याची केबल तुमच्या स्विचपर्यंत येते. ऑफिस, स्टाफरूम, मुख्याध्यापकांची खोली, सगळीकडे बघा. राउटरला मागे एक भोक वेगळ्या रंगाचं किंवा वेगळं नाव लिहिलेलं असतं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहितात. ते बाहेरून येणाऱ्या केबलसाठी. बाकीची लॅनची, म्हणजे आतल्या मशीनसाठी. तो राउटर सापडला तर केबल कोणत्या भोकात आहे ते सांगा.

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून आणखी एक आकडा सांगून ठेवतो. मशीनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याचा अर्थ त्याने हाका मारल्या, पण कुणीच उत्तर दिलं नाही, म्हणून स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला. तेव्हा केबल, स्विचचं भोक किंवा बंद पडलेला राउटर बघायचा.


आबा७२ – मंगळवार, रात्री १०.४५

६ नंबरचं माझ्याकडे द्या. ती केबल आहे, आणि केबल हे माझं आयुष्य आहे.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. हा पीळ शोभेचा नाही. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेचा त्रास जोडीतल्या दोन्ही तारांना सारखाच होतो आणि पलीकडे फरक घेतला की तो रद्द होतो. ग्रॅहम बेलने पिळलेल्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं, टेलिफोनसाठी. तीच युक्ती आजही तुमच्या लॅबमध्ये चालू आहे.

१०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. १००० ला आठही लागतात. ४, ५, ७, ८ यातली एखादी तार तुटली तर कनेक्शन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं. नेट चालत असल्याने कुणाला शंकाही येत नाही. ६ नंबरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. इतर मशीनवर १००० आणि यावर १०० दिसलं तर टोक परत बसवावं लागेल.

क्रम लिहून ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्लिप खाली, सोन्याचे दात वर आणि केबल आपल्याकडे धरून डावीकडून उजवीकडे. हिरवी जोडी मधेच का फोडली असं सगळे विचारतात. मधल्या दोन जागा टेलिफोनच्या जोडीसाठी राखल्या होत्या, म्हणून निळी जोडी मध्ये आली आणि हिरवी तिच्या दोन बाजूंना गेली. टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. दोन्ही टोकांना तोच क्रम ठेवा. आणि एक सलग केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नका.


किनारा – बुधवार, पहाटे ५.५५

सिंगापूरहून लिहितेय. मूळची रत्नागिरीची, इथे एका डेटा सेंटरमध्ये काम करते. ११ नंबरविषयी एक शंका आहे, पण आधी ताईंच्या मुलांसाठी थोडं.

काळ्या खिडकीत पिंग लिहा, एक जागा सोडा आणि ८.८.८.८ लिहा, आकडे इंग्रजी. हा गुगलचा नावं सांगणारा सर्व्हर. उत्तर आलं तर तुमचा रस्ता बाहेरपर्यंत मोकळा आहे. मग आकड्याऐवजी एखाद्या साइटचं नाव लिहून पिंग करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, असं झालं तर बिघाड डीएनएसमध्ये आहे. माणसांना नावं लक्षात राहतात, मशीनला आकडे लागतात, आणि नावावरून आकडा शोधून देण्याचं काम डीएनएस करतो. सुरुवातीला जगातल्या सगळ्या मशीनच्या नावांची एकच फाइल होती. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवत आणि सगळे तिथून उतरवून घेत. मशीनं वाढली तसं ते झेपेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. त्यात कुणाकडेच पूर्ण यादी नसते, प्रत्येकाकडे आपापल्या शाखेची असते. वर दादांनी वाट विचारण्याचं सांगितलं, इथेही तेच.

पिंगमध्ये मिलिसेकंदाचा आकडाही दिसतो. मुलांना त्याचं गणित घालता येईल. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर साधारण ३९०० किलोमीटर. जाऊन येऊन ७८०० किलोमीटर, म्हणजे ३९ मिलिसेकंद. यापेक्षा लवकर उत्तर येणं शक्यच नाही, कितीही महागडा प्लॅन घ्या. प्रत्यक्षात जास्तच लागतात, कारण केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत राउटर असतात. स्पीड आणि हा लागणारा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता आठपदरी केला म्हणून गाव जवळ येत नाही.

या केबली समुद्राच्या तळाशी पसरलेल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्यावर येतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि इतक्या दूर भारतातलं इंटरनेट मंदावलं. "नेट येतं कुठून" याचं उत्तर देताना नकाशावर हे जरूर दाखवा. मी लहानपणी ज्या समुद्राकडे बघत बसायचे, त्याच अरबी समुद्राखालून हे सगळं जातं, हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते.

आता ११ नंबर. त्या मशीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघाल का?


चाफेकळी – बुधवार, दुपारी १.३०

१ जानेवारी २०१२!


किनारा – बुधवार, दुपारी १.५०

मग ११ नंबरच्या बाबतीत तुमचं नेटवर्क निर्दोष आहे. साइट उघडताना ती आपलं ओळखपत्र दाखवते, त्याला प्रमाणपत्र म्हणतात, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं. तुमचं मशीन स्वतःला २०१२ मध्ये समजतंय. त्याला वाटतं, हे ओळखपत्र तर अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ते तुम्हाला सावध करतंय. मदरबोर्डवर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. ती संपली की मशीनची वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. घड्याळाच्या दुकानात ही बॅटरी मिळते. प्लग काढून बदला, तारीख लावा. तो इशारा मात्र कधीही "पुढे चला" म्हणून ओलांडू नका, आणि मुलांनाही हे सांगा. तारीख बरोबर असताना तो आला तर मामला गंभीर असू शकतो.


चाफेकळी – गुरुवार, संध्याकाळी ५.४०

सापडला!

राउटर स्टाफरूमच्या कपाटावर होता, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे. मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून मागच्या वर्षी कुणीतरी लावला होता. त्याची केबल खिडकीतून लॅबच्या स्विचमध्ये आलेली आणि पिवळ्या भोकात खोचलेली. निळं वॅनचं भोक रिकामं. मी ती केबल काढली, बंद असलेली पाचही मशीनं परत चालू केली आणि पाचहींवर १९२.१६८.१ चे पत्ते आले. सगळ्यांवर नेट! मुलींनी टाळ्या वाजवल्या.

११ नंबरची बॅटरी बदलली, तेही चालू. ६ नंबरचा लिंक स्पीड खरंच १०० होता. केबल बाकाच्या पायाखाली चेपलेली सापडली, आबांनी सांगितलेल्या क्रमाने गावातल्या इलेक्ट्रिशियनकडून टोक बसवून घेणार आहे.

पण आता स्टाफरूमचं वायफाय गेलं आणि सहकारी विचारताहेत. तो राउटर परत कसा लावू?


जोडतार – गुरुवार, रात्री ९.३०

वा ताई! लॅबच्या राउटरच्या शेजारी बसून जे सापडलं नसतं ते तुम्ही वहीच्या जोरावर शोधलंत.

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे तीच केबल निळ्या भोकात लावा. मग तो राउटर लॅबच्या नेटवर्ककडून स्वतःसाठी एक पत्ता घेईल आणि पत्ते वाटेल ते फक्त आपल्या वायफायवरच्या मोबाइलना. लॅबला त्रास होणार नाही. मात्र स्टाफरूममधून लॅबमधला प्रिंटर सहजी दिसणार नाही, कारण मध्ये एक उंबरठा आला.

मी असतो तर दुसरा मार्ग घेतला असता. तो राउटर एकट्या लॅपटॉपला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि मग केबल परत पिवळ्या भोकात लावा. आता तो पत्ते वाटत नाही, फक्त वायफाय देतो. सगळं एकाच नेटवर्कमध्ये, प्रिंटरसुद्धा. त्याआधी लॅबचा राउटर पत्ते कोणत्या आकड्यापासून वाटतो ते बघून घ्या. १०० पासून असेल तर २ सुरक्षित आहे.

तिथे असतानाच दोन्ही राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो.

आणि कळकळीची विनंती, स्विचची मोकळी भोकं मुलांच्या हाताला लागू देऊ नका. एका शाळेत एका मुलाने लोंबणाऱ्या केबलचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचलं होतं, जागेवर राहावी म्हणून. एक हाक त्या केबलमधून गोल फिरत राहिली, तिच्या हजारो प्रती झाल्या, आणि दोन मिनिटांत सगळी शाळा बंद. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकताना दिसले की आधी असा फेरा झालाय का ते शोधायचं. महागड्या स्विचना हे ओळखता येतं, शाळेतल्या साध्या स्विचना सहसा नाही.


चाफेकळी – शनिवार, दुपारी १२.४५

दुसरा मार्ग घेतला. लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये तासभर बसले, पण झालं. आज सकाळी १४ पैकी १४.

आठवीच्या तासिकेला मशीन सुरूच केली नाहीत. आधी मुलांना भिंतीपाशी नेलं आणि केबल बोटाने दाखवत दाखवत मशीनपासून स्विच, राउटर, पांढरा डबा, खिडकीबाहेरचा खांब, असं सगळं चालत दाखवलं. मग नकाशावर मुंबई आणि समुद्र. तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, माझ्या मामाच्या घरच्या राउटरवर पण १९२.१६८.१.१ च लिहिलंय. दोन घरांचा पत्ता एकच, मग पॅकेट चुकत कसं नाही?"

मी त्याला सांगितलं, सोमवारी विचारून सांगते.


जोडतार – शनिवार, दुपारी ३.१०

फार मोलाचं विचारलंय पोराने.

त्याला सांगा, १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातले आहेत, जसं "आई", "दादा". प्रत्येक घरात आई असते आणि घरात हाक मारली की गोंधळ होत नाही. पण त्या नावाने बाहेरून पत्र येत नाही. १० ने सुरू होणारे सगळे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्तेही असेच घरगुती. इंटरनेटवरचे राउटर हे पत्ते पुढे नेतच नाहीत.

बाहेर जाताना तुमचा राउटर पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता लिहितो. आणि कुणाचं पॅकेट होतं हे विसरू नये म्हणून पोर्टचा एक क्रमांक लावून आपल्या वहीत नोंद करतो: ४०००१ म्हणजे ३ नंबरचं मशीन, ४०००२ म्हणजे ९ नंबरचं. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला देतो. याला नॅट म्हणतात. बाहेरच्या जगाला तुमची १४ मशीनं एकच दिसतात.

हे करावं लागलं, कारण जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटीच. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. आता तर कनेक्शन देणाऱ्या कंपन्याही कितीतरी घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे घराच्या उंबरठ्याबाहेर वाड्याचा आणखी एक उंबरठा. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर समजा तुम्ही अशा वाड्यात राहता. नवे पत्ते १२८ बिटांचे आहेत, आयपीव्ही६, ते इतके आहेत की प्रत्येक मशीनला जगात एकमेव पत्ता मिळू शकतो. त्या मुलाकडे घरी मोबाइल असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर त्याचा पत्ता बघायला सांगा. अक्षरं आणि दोन-दोन टिंबांची लांबलचक ओळ दिसली तर ती आयपीव्ही६.

आणि त्याला विचारा, एका वर्गातल्या दोन मुलांनी एकाच वेळी एकच साइट उघडली, तर उत्तरं एकमेकांकडे का जात नाहीत? वहीचं समजलं असेल तर तो सांगेल.


चाफेकळी – सोमवार, संध्याकाळी ७.००

सांगितलं त्याने. फळ्यावर वही काढून, दोन रकाने आखून. "पोर्ट वेगळा असतो ना मॅडम." मग मागच्या बाकावरून दुसरीने विचारलं, राउटरची वही भरली तर काय होतं?

जोडतारदादा, उत्तराची वाट बघतेय. तोवर मुलं प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना मशीनचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावताहेत. ९ पर्यंत झालंय.